रंग नीट बसला नाही

प्रयोगशाळेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. ते होते बर्फवाले. तिसऱ्या मजल्यावरचं बर्फ पाडणारं यंत्र खरं तर सगळ्यांचंच होतं. पण डबा किती भरायचा, पेशींची डिश त्यात किती खोल रुतवायची, बर्फाचं पाणी व्हायला लागलं की डबा कधी बदलायचा, हे सगळं शास्त्र त्यांनी एकट्याने सांभाळलं होतं आणि बाकीच्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं होतं. कोणी डब्यापाशी दिसलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, "टायमर लावला का?" विचारताना ते समोरच्याकडे बघतही नसत. समोरच्याने लावलेला नसायचाच. मग तो ओशाळून लावायचा आणि बर्फवाले पुढे जायचे. एवढ्याशा प्रश्नावर माणूस किती फुगू शकतो हे बघायचं असेल, तर त्यांना बघावं.

स्वतः ते टायमर लावत नसत. वेळ मला आतून कळते, असं त्यांचं म्हणणं. एकवीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते, त्यामुळे त्यावर बोलायला कोणाला तोंडच नव्हतं.

आता बर्फाचं एवढं कौतुक कशाला, ते सांगायला हवं. तिथलं सगळं काम सोमॅटोस्टॅटिनवर चालायचं. हे शरीरातलं आवर घालणारं संप्रेरक. पेशीच्या कडेवर त्याचे रिसेप्टर बसलेले असतात. संप्रेरक येऊन त्यांना चिकटलं की ते आतल्या यंत्रणेला निरोप धाडतात, बास, आता आवरतं घ्या. मग आतला सायक्लिक एएमपी नावाचा रेणू कमी होतो, स्राव थांबतात, वाढ मंदावते. पण पेशीही काही कमी नाही. एकच निरोप किती वेळ ऐकायचा, याचा तिचा स्वतःचा हिशोब असतो. ती त्या रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा मारते, अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन तिथे बसतं आणि रिसेप्टर पिशवीत घालून आत ओढला जातो. काही वेळाने धुऊनपुसून तो परत कडेवर येतो. हे सगळं होतं ते उबेत. बर्फावर ठेवलेल्या पेशीत संप्रेरक चिकटतं, पण रिसेप्टर आत जात नाही, कडेवरच राहतो. म्हणून एक डिश उबेत आणि एक बर्फावर ठेवायची, दोन्हींना रिसेप्टरला चिकटणारा हिरवा चमकता रंग लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. उबेतल्या पेशीच्या पोटात हिरवे ठिपके दिसायचे, बर्फावरच्या पेशीभोवती हिरवी कड. बर्फ वितळला तर सगळंच मुसळ केरात.

काही गाठींच्या पेशींवर या रिसेप्टरांतल्या दोन नंबरच्या जातीचे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात. म्हणून त्या रोग्यांना सोमॅटोस्टॅटिनसारखंच औषध महिन्याला टोचतात. बऱ्याच जणांना ते चांगलं लागू पडतं आणि मग काहींना एक दिवस लागू पडेनासं होतं. का, हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा, म्हणजे मॅडमचा, प्रश्न होता. त्या प्रश्नात त्यांची दहा वर्षं गेली होती. रोगी परवानगी देत, शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा तुकडा वर येई, त्याला नंबर मिळे आणि त्याच्या पेशी वाढवून कुप्यांत गोठवून ठेवत.

सत्तावीस नंबरची गाठ एका निवृत्त शिंप्याची होती. औषध त्याला सात महिनेच पुरलं होतं. त्याच्या पेशी हट्टी निघाल्या, धड वाढेनात. कशाबशा पाच कुप्या भरल्या. पहिली कुपी अर्थातच बर्फवाल्यांच्या हाती आली.

त्या दिवशी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून तीन पाहुणे आले होते, खास बर्फवाल्यांची पद्धत बघायला. अशा वेळी माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. बर्फवाल्यांनी डिशमध्ये औषध घातलं, दोन उबेत ठेवल्या, दोन बर्फात रुतवल्या, आणि मग पाहुण्यांना झाकणावरच्या खुणा दाखवायला म्हणून बर्फातल्या दोन्ही डिश उचलून बाहेर काढल्या. एक सत्तावीसची, एक रोजच्या ठरलेल्या पेशींची, जी तुलनेसाठी प्रत्येक वेळी सोबत ठेवत. दाखवून झाल्यावर त्यांनी त्या पेशी उबेत ठेवायच्या कपाटाच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या माथ्यावर टेकवल्या, जिथे हात ठेवला तरी कोमट लागे, आणि पाहुण्यांना घेऊन ते बर्फाच्या यंत्राकडे गेले. तिथे त्यांनी बर्फाचं महत्त्व समजावून सांगितलं. अगदी रंगून सांगितलं. डिश बर्फाबाहेर क्षणभरही राहता कामा नये, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं आणि एका पाहुण्याने ते लिहूनही घेतलं.

परत आले तेव्हा डिश माथ्यावरच होत्या. भिंतीवरच्या घड्याळाने अठरा मिनिटं गेल्याचं सांगितलं. त्यांनी त्या गुपचूप बर्फात घातल्या. पाहुणे मागेच उभे होते. त्यांच्यासमोर प्रयोग टाकून द्यायचा म्हणजे नाक कापून घेणंच. तो बाणा त्यांच्यात नव्हता, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अठरा मिनिटांनी काय होतंय, असं मनाशी म्हणत त्यांनी पुढचं काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली काय होतंय ते दिसलं. सत्तावीसच्या बर्फावरच्या पेशीत कड नव्हतीच. सगळे ठिपके आत. मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी स्वतः डोळा लावून परत बघितलं. मग त्यांनी विचारलं, "बर्फावरच होत्या ना?" बर्फवाले हो म्हणाले. मॅडमनी संध्याकाळी परत विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. तिन्ही वेळा ते हो म्हणाले आणि प्रत्येक वेळी ते अधिक सोपं गेलं. दुसरा कोणी असता तर मॅडमनी विश्वास ठेवला नसता. गारठ्यातही रिसेप्टर आत ओढणारी गाठ, ही गोष्टच सगळ्या माहितीला सोडून होती. पण हात बर्फवाल्यांचा होता. मॅडमना वाटलं, औषधाला दाद न देण्याचं इंगित हेच. औषध दारात पोचायच्या आत ही पेशी दारच आत घेत असणार.

राहिली ती रोजच्या पेशींची डिश. तिच्यातही ठिपके आतच होते, असणारच. ती मॅडमनी बघितली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. बर्फवाल्यांनी ती डिश फेकून दिली आणि नोंदवहीत तिच्यासमोर लिहिलं, रंग नीट बसला नाही. विसरणं ही चूक होती. हे लिहिणं ही नुसती चूक नव्हती, हे त्यांना लिहितानाच माहीत होतं.

मॅडमनी तो निष्कर्ष एका मोठ्या परिषदेत मांडला. टाळ्या पडल्या. शोधनिबंध लिहायला घेतला, पण छापायला धाडण्याआधी दुसऱ्या हाताने तेच परत निघायला हवं, हा त्यांचा शिरस्ता होता. ते काम ताईंकडे आलं.

ताई म्हणजे आठ वर्षं घर आणि आजारी सासूबाई सांभाळून पुन्हा कामावर आलेल्या बाई. वय चाळिशीचं. नेमणूक वर्षाची, पुढचं काम बघून ठरणार. पहिल्या दिवशी पिपेट धरताना त्यांचा हात कापत होता, तेव्हा बर्फवाल्यांनीच शेजारी उभं राहून तो स्थिर केला होता. तेव्हापासून त्या त्यांना दादा म्हणायच्या, नुसतं तोंडदेखलं नाही. घरून काही आणलं की आधी त्यांच्या टेबलावर ठेवायच्या.

ताईंनी दुसरी कुपी काढली. बर्फावरच्या डिशमध्ये रिसेप्टर कडेवर, स्वच्छ हिरवी कड. तिसरी कुपी काढली, तेच. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. डब्याभोवतीचे लोक दबक्या आवाजात बोलू लागले की मोठी सुट्टी घेतली की हात जातो, एकदा गेला की येत नाही. ताईंच्या कानावर ते जात होतं आणि ते खरं असावं असा त्यांचा चेहरा होत चालला होता. बर्फवाले ते बोलणं ऐकत डबा भरत राहिले. एकदा कोणी त्यांना विचारलंच, तेव्हा ते म्हणाले, होईल हळूहळू. त्यांना वाटलं आपण तिची बाजू घेतली. घरी जाताना जिन्यात त्यांना आपल्याच उत्तराची किळस आली.

चौथ्या कुपीच्या वेळी ताई स्वतः त्यांच्याकडे आल्या. "दादा, तुम्ही शेजारी उभं राहून माझा हात बघता का? कुठे चुकतंय ते सांगा." नाही म्हणायला त्यांना कारण सुचलं नाही. ते उभे राहिले. ताईंचा हात एकदम बरोबर होता. डिश बरोबर खोल रुतवलेल्या, टायमर लावलेला, धुवायचं पाणी आधीच गार करून ठेवलेलं. सांगण्यासारखं काहीच नव्हतं, पण गप्प राहिलं असतं तर ते दिसून आलं असतं. म्हणून ते म्हणाले, मनगट जरा सैल सोडा. ताईंनी सोडलं. मग म्हणाले, धुताना थोडं सावकाश. ताईंनी तेही केलं, मान हलवून, हो दादा म्हणून. बर्फवाल्यांचे कान तापले होते. आयुष्यात इतकं चांगलं काम करणाऱ्या माणसाला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं.

चौथी कुपीही तशीच निघाली. कड हिरवी, पोट मोकळं.

त्या रविवारी जेवताना बायकोने त्यांना विचारलं की पानातलं कोणासाठी राखून ठेवताय. तेव्हा त्यांनी तिला ही गोष्ट सांगितली, पण दुसऱ्या कोणाची म्हणून. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, असं सुरू केलं. बायकोने संध्याकाळची भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की असल्या माणसाशी बोलता तरी कसे तुम्ही. आणि ती बाई त्याला काय म्हणते?

"दादा म्हणते," बर्फवाले म्हणाले.

बायकोचा हात थांबला. ताईंनी आणलेले डबे याच घरात धुतले जात होते, आणि दादा हा शब्द त्यांच्याबरोबर किती वेळा आला होता हे तिला ठाऊक होतं. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. चिरलेली भाजी पातेल्यात घातली, सुरी धुतली आणि म्हणाली, "अहो, सांगून टाका. मला नको, तिला."

सोमवारी मॅडमनी दोघांना बोलावलं. एकच कुपी उरली होती. तिचे दोन भाग करायचे, अर्ध्या पेशी ताईंनी करायच्या, अर्ध्या बर्फवाल्यांनी, एकाच खोलीत, एकाच दिवशी. बर्फवाल्यांना ठिपके आत मिळाले आणि ताईंना नाही, तर काय समजायचं ते उघड होतं. नेमणुकीचा कागद शुक्रवारी भरायचा होता. मॅडम हे वाईट मनाने बोलत नव्हत्या, उलट त्यांना ताईंची दया येत होती आणि ते लपवता येत नव्हतं. ताई म्हणाल्या, चालेल.

बर्फवाल्यांना त्याच वेळी बोलता आलं असतं. त्यांनीही मान डोलावली. जाता जाता मॅडम म्हणाल्या, "तुमचा हात आहे म्हणून मी निर्धास्त आहे." यावर ते हसले. ते हसू पुढे कित्येक दिवस त्यांना आठवत राहिलं.

गुरुवारी सकाळी खोलीत दोघंच होती. ताई त्यांच्याकडे पाठ करून कामाला लागल्या. बर्फवाल्यांनी आपल्या पेशींत औषध घातलं आणि डिश हातात घेऊन ते इन्क्युबेटरसमोर उभे राहिले. माथा तसाच कोमट होता. इथे डिश अठरा मिनिटं ठेवायच्या, मग बर्फात घालायच्या, की उद्या ठिपके आत दिसणार. एकवीस वर्षं शाबूत, मॅडमचा निबंध शाबूत. फक्त समोर पाठमोरी उभी असलेली ती एक बाई जाणार, आणि तीही आपलाच हात वाईट होता असं समजून, त्यांच्याबद्दल मनात काही न आणता जाणार. किती सोपं होतं ते. ते इतकं सोपं आहे हे कळल्यावर त्यांना स्वतःची भीती वाटली.

त्यांनी एक डिश बर्फात रुतवली आणि दुसरी माथ्यावर ठेवली. मग खिशातून पेन काढून दोन्ही झाकणांवर लिहिलं. एकीवर, बर्फ. दुसरीवर, इन्क्युबेटरचा माथा, अठरा मिनिटं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुसता येऊ नये म्हणून दोनदा गिरवलं. रोजच्या पेशींच्याही दोन डिश तशाच केल्या. अठरा मिनिटं ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. यंत्राजवळ बोलताना ही मिनिटं केव्हा गेली ते कळलं नव्हतं. आज ती सरता सरेनात.

शुक्रवारी दुपारी मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. ताईंची डिश बघितली, कड हिरवी. त्यांनी सुस्कारा सोडला आणि बर्फवाल्यांच्या डिशकडे हात केला. झाकणावरचं वाचलं. परत वाचलं.

"हे काय आहे?"

"त्या दिवशी असं झालं होतं," बर्फवाले म्हणाले. "अठरा मिनिटं डिश बाहेर होत्या. मी पाहुण्यांशी बोलत होतो. तुम्ही तीनदा विचारलंत, मी तीनदा खोटं बोललो. रोजच्या पेशींचा रंग नीट बसला होता. मी ती डिश फेकली."

मॅडमनी चारही डिश एकेक करून बघितल्या. माथ्यावरच्या दोन्हींत ठिपके आत होते, शिंप्याच्या पेशींतही आणि रोजच्या पेशींतही, अगदी एकासारखे एक. बर्फावरच्या दोन्हींना कड होती. गाठीत वेगळं काहीच नव्हतं. एका माणसाच्या पोटातली गाठ, तिच्या पाच कुप्या, एकही उरली नाही, आणि त्याला औषध का पुरलं नाही याचं उत्तर जिथे होतं तिथेच राहिलं होतं. बर्फवाल्यांना वाटलं होतं मॅडम चिडतील. त्यांनी चिडायला हवं होतं. त्यांनी चष्मा पुसून परत लावला आणि त्या म्हणाल्या की परिषदेला पत्र लिहावं लागेल, ते मी लिहीन, तुम्ही वाचून सही करा. ताईंच्या नेमणुकीचा कागद त्यांनी तिथेच, सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवून भरला. मग कागद घेऊन निघून गेल्या.

बर्फवाले ताईंकडे वळले. माफी मागायची वाक्यं त्यांनी रात्रभर जुळवली होती. पण ती काढायची वेळच आली नाही.

ताईंनी आपल्या टेबलाचा खण उघडला आणि एक छापील चित्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं. रोजच्या पेशी, पोटात हिरवे ठिपके. खाली ताईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, इन्क्युबेटरचा माथा, वीस मिनिटं. त्याखाली तारीख.

"तुमच्या सगळ्या नोंदवह्या वाचल्या मी," ताई म्हणाल्या. "शिकायला म्हणून. एकवीस वर्षांत रंग नीट बसला नाही हे वाक्य एकदाच आलंय. मग मी दहा मिनिटं ठेवून बघितलं, वीस ठेवून बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्ही सांगाल. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगाल." त्यांनी खण लावून घेतला. "मी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं, दादा?"

बर्फवाल्यांनी तारीख परत वाचली. दोन महिन्यांपूर्वीची होती. चौथ्या कुपीला ते ताईंच्या शेजारी उभे राहिले, त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. म्हणजे मनगट सैल सोडा, असं ते सांगत होते तेव्हा ताईंना सगळं माहीत होतं. कुठे चुकतंय ते सांगा, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी दार उघडून धरलं होतं, आणि बर्फवाल्यांनी आत येऊन त्यांना मनगट कसं धरायचं ते शिकवलं होतं. आणि ताईंनी ते निमूट सैल सोडलं होतं. सावकाश धुतलं होतं. हो दादा म्हटलं होतं. पाहुण्यांसमोर, मॅडमसमोर, बायकोसमोर वाटलेली लाज एका बाजूला आणि ही एका बाजूला.

पत्र गेलं. परिषदेचं दोन ओळींचं उत्तर आलं. प्रयोगशाळेत सगळ्यांना कळलं, आणि चार दिवस त्यांच्यासमोर सगळे फार नीट वागले, त्यानेच त्यांना जास्त लागलं. नोकरी राहिली. नावही राहिलं, बर्फवाले. आधी त्या नावाने हाक मारली की ते खुशीत वळायचे, आता नुसते वळतात. डब्यापाशी कोणी दिसलं तरी काही विचारत नाहीत.

अठ्ठावीस नंबरची गाठ आली तेव्हा काम दोघांना मिळून दिलं होतं. बर्फवाल्यांनी डबा भरला, डिश रुतवल्या, औषध घातलं. सवयीने मागे सरून उभे राहिले, वेळ आतून कळेल म्हणून. ताई पलीकडे झाकणांवर नंबर घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. टोमणा नव्हता, राग नव्हता, एकदम साध्या आवाजात त्यांनी विचारलं,

"दादा, टायमर लावला का?"

हो म्हणणं एवढं जवळ होतं की ते ओठांवर आलंच होतं.

"नाही," बर्फवाले म्हणाले. "लावतो."